कुस्तीचा इमोजी आणि भांडण

दोन मल्ल पुढे झुकून एकमेकांना भिडले आहेत, असे चित्र असलेला कुस्तीचा इमोजी २०१६ साली युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरे आणि चिन्हे ठरवणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या, ९.० या आवृत्तीत आला. त्याचे मूळ इंग्रजी नाव 'रेसलर्स' (मल्ल) असे अनेकवचनी आहे, आणि हे अनेकवचन मला फार मोलाचे वाटते, कारण कुस्ती एकट्याने होत नाही.

पुरुष मल्ल आणि स्त्री मल्ल यांची वेगळी रूपे त्याच वर्षी पुढे आली. मूळ चिन्हाला पुरुषाचे किंवा स्त्रीचे चिन्ह एका अदृश्य जोडचिन्हाने जोडून ती तयार होतात. हेच जोडचिन्ह देवनागरीत अर्ध्या र चे आडवे रूप ('दुसऱ्या'मध्ये दिसते तसे) मिळवण्यासाठीही वापरता येते, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. त्वचेच्या रंगछटांना मात्र २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली, कारण येथे दोन माणसे आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र रंग देता यायला हवा.

रोजच्या वापरात सामन्याच्या बातमीसोबत तो येतो, हे उघडच आहे. त्याहून अधिक वेळा तो लाक्षणिक अर्थाने येतो: अवघड गणिताशी चाललेली झटापट, मित्रांमधली चढाओढ, किंवा करावे की न करावे अशी मनातली ओढाताण. हे सारे अर्थ मला योग्य वाटतात. परंतु दोन माणसांच्या खऱ्या भांडणावर किंवा मारहाणीच्या बातमीवर तो चिकटवलेला दिसला, की मला खटकते. कुस्तीत दोघेही स्वेच्छेने उतरतात, पंच असतो, नियम असतात आणि निकालानंतर हस्तांदोलन होते. मारहाणीत यांतले काहीच नसते, आणि जो मार खातो त्याच्या दुःखाला आपण नकळत खेळाचे रूप देतो.

एकदा एका मतभेदाच्या मधोमध मित्राने मला केवळ हा इमोजी पाठवला. तो रागावला आहे, असे समजून मी दिवसभर गप्प राहिलो. प्रत्यक्षात त्याने शड्डू ठोकला होता आणि तो माझ्या पुढच्या मुद्द्याची वाट पाहत होता. लहान पडद्यावर तर हेच चित्र मिठीसारखेही दिसू शकते. त्यामुळे आता मी तो एकटा पाठवत नाही, आधी 'होऊन जाऊ दे' एवढे तरी लिहितो.