आपल्याच नाशकात गाईड घेऊन एक दिवस

नाशकात उभा जन्म गेला आणि नाशिक बघायला गाईड लावला, हे ऐकून शेजारच्या काकू पाच मिनिटं हसत होत्या. त्यांचंही बरोबर आहे. पण दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. गाडी हायवेवरून जाताना त्यानं पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, ही लेणी खरंच पांडवांनी खोदली?" मी "नाही रे, बौद्ध लेणी आहेत" म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "मग कोणी खोदली?" इथे माझं ज्ञान संपलं. शाळेच्या सहली धरल्या तर मी तिथे किमान सात वेळा गेले असेन. दर वेळी पायऱ्या चढले, डबा खाल्ला, खाली आले.

म्हणून जानेवारीत भाचा परत येणार म्हटल्यावर गाईड शोधला. पहिल्यांदा एका ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला. त्यानं एका दिवसात अकरा ठिकाणांची यादी पाठवली: लेणी, पंचवटी, तपोवन, सोमेश्वर, मध्येच त्र्यंबकेश्वर आणि शेवटी वाईनरी. हिशोब केला तर प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं पडत होती. त्र्यंबक इथून अठ्ठावीस-तीस किलोमीटर, आणि तिथली दर्शनाची रांग तुमच्या वेळापत्रकाला विचारत नाही. त्र्यंबक, कुशावर्त आणि ब्रह्मगिरी हा वेगळा अख्खा दिवस आहे. कोणी एकाच दिवसात सगळं दाखवतो म्हणालं तर तो तुम्हाला फक्त पार्किंग दाखवणार, असं समजा.

मग ओळखीतून एक मुलगा मिळाला. तिशीतला, इतिहासात एम.ए., मोडी आणि ब्राह्मी दोन्ही वाचणारा. मी फोनवर परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "नहपानाचं लेणं कुठलं?" (नहपान हा जुना शक राजा, म्हणजे क्षत्रप.) तो म्हणाला, "दहा नंबर. पण ताई, सुरुवात आपण एकोणिसापासून करू." तिथेच त्याला हो म्हणून टाकलं. तुम्हीही गाईड ठरवताना हा प्रश्न विचारून बघा. जो "सगळी लेणी सारखीच असतात" म्हणेल, त्याचे पैसे वाचवा. आमच्या गाईडचे अडीच हजार झाले, गाडीचे वेगळे. दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा. आम्ही तिघं होतो. चार-पाच जण असाल तर माणशी फार पडत नाही.

तिसरी व्यक्ती म्हणजे आई. वय चौऱ्याहत्तर, बँकेत पस्तीस वर्षं नोकरी, आणि नाशिकबद्दल कोणी बाहेरचा बोलायला लागला की त्याच्या चुका काढायला तयार. गाईडही नाशिकचाच निघाला, तरी तिनं गाडीत बसता बसता त्याला सांगून टाकलं, "बाळा, मला गंगेवर काय काय आहे ते माहितीये. नवीन असेल तेवढंच सांग." (परगावच्यांसाठी सांगते: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की काशीला निघाला असं समजू नका.)

सव्वासातला आम्ही लेण्यांच्या पायथ्याशी होतो. पायऱ्या दोनशेच्या आसपास. आई तीनदा बसली आणि वर पोचली. दहानंतर हाच चढ उन्हात नको वाटतो, आणि सहलीच्या बस आल्या की लेण्यांत शाळेच्या मधल्या सुट्टीचा आवाज भरतो. म्हणून लेणी सकाळी आणि सगळ्यात आधी. माणशी २५ रुपये तिकीट, पाणी खालूनच घेऊन जा, आणि पायांत पकड असलेले बूट हवेत. पायथ्याचं फाळके स्मारक आम्ही सोडलं.

एकूण २४ लेणी आहेत. ती क्रमानं बघत गेलात तर दहाव्यापर्यंत सगळी एकसारखी दिसायला लागतात, हाच आमचा सात सहलींचा अनुभव. गाईडनं आम्हाला थेट एकोणीस नंबरला नेलं. चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या शेजारी, जरा खालच्या पातळीवर, सहज नजरेतून सुटेल असं छोटं लेणं. तिथे खिडकीच्या वर एक ओळ कोरलेली आहे. त्यानं बोट न लावता, लांबूनच अक्षरावर अक्षर वाचून दाखवलं: "सादवाहनकुले कन्हे राजिनि..." सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना, नासिकच्या एका महामात्रानं, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यानं, आणि शेवटचे दोन शब्द, "लेण कारित."

आई म्हणाली, "म्हणजे लेणं केलं."

"हो काकू. दोन हजार वर्षांपूर्वीची ओळ आहे. तुम्हाला भाषांतर लागलं नाही."

त्यानंतर आईनं त्याची एकही चूक काढली नाही. शेजारच्या अठरा नंबरच्या चैत्यगृहावर नासिकच्या लोकांच्या आणि धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे गावाचं नावही भिंतीवर आहे. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, ती ऐकावीच. पण नाव इतकं जुनं कोरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. डोंगराचं नावही शिलालेखांत आहे: तिरण्हु, संस्कृतात त्रिरश्मी. पांडव कुठेच नाहीत. भाच्याला उत्तर मिळालं.

मग दहा नंबर. हे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचं. ओवरीतल्या भिंतीवर डोक्याच्या वर ओळीच्या ओळी कोरल्यात. त्यात तो स्वतःची दानं मोजतो, तीन लाख गाई दिल्याचंही सांगतो. (आई पुटपुटली, "तीन लाख? ठेवल्या कुठे?") लेणं खोदलं आणि पाण्याच्या "पोढी" केल्या, असंही त्यात आहे. लेण्यांतल्या टाक्यांना अभ्यासक आजही पोढीच म्हणतात. पण आईला पकडलं ते पुढच्या लेखानं. उषवदातानं भिक्खूंसाठी ३,००० काहापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमचे ठेवले. त्यातले २,००० गोवर्धनच्या एका कोलिकनिकायात, म्हणजे विणकरांच्या श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीत, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

आईनं तिथल्या तिथे बोटांवर हिशोब केला. "दोन हजारावर महिना वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही!" तिचा चेहरा मार्चअखेरीचा ताळेबंद जुळल्यासारखा झाला होता. मग म्हणाली, "वर्षाला बारा टक्के. आता एफडीला कोण देतं?" गाईडनं पुढे सांगितलं की हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवून फळ्यावर नोंदला, असंही लेखातच लिहिलंय. "म्हणजे रजिस्टर केलं," आई म्हणाली. आम्ही तिथे पाऊण तास होतो. माझ्या सात सहलींत मिळून मी तिथे पाऊण तास उभी राहिले नसेन.

तीन नंबरचं लेणं दिसायला सगळ्यात भारी. ओवरीच्या खाली मोठे यक्ष कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेत आणि सगळं लेणं खांद्यावर उचलून धरलंय. इथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख आहेत. त्यानं नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला आणि पूर्वी उषवदाताकडे असलेलं शेत भिक्खूंना दिलं. गंमत पुढे आहे. काही वर्षांनी दुसरा लेख येतो: ते शेत कसलं जात नाही, गावच ओस पडलंय, सबब त्याऐवजी दुसरीकडे शंभर निवर्तनं (तेव्हाचं जमिनीचं माप) जमीन द्यावी. सातबारा एका गावचा, जमीन पडीक, मग बदली जमिनीचा हुकूम. तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या कोणालाही हा लेख आपला वाटेल. या हुकुमात राजाबरोबर त्याच्या आईचंही नाव आहे आणि तिला "जीवसुता" म्हटलंय, जिचा मुलगा जिवंत आहे अशी. मग ओवरीतच तिसरा, लांबलचक लेख. नातू पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. आता ती, गौतमी बलश्री, आपल्या मुलाबद्दल सांगते: ज्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी प्यायली, ज्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. गाईडनं इथे काही जोडलं नाही, फक्त दोन्ही लेख दाखवले. आई काही बोलली नाही.

उतरताना भाच्यानं विचारलं, "पण त्यानं खरंच नहपानाला हरवलं, याचा पुरावा काय?" उत्तर जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा घडा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारून ती पुन्हा चालवली होती. हरवलेल्या राजाच्या डोक्यावरच शिक्का.

नंतर मिसळ. कुठली, यावर वाद नको. काळा रस्सा हवा आणि सोबत पापड हवा, एवढंच. मात्र पुढे भर दुपारी चालायचं असेल तर तर्री बेतानंच घ्या.

पंचवटीत गाडी नेऊ नका. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते कुठे ना कुठे उकरलेले असतात, आणि गल्ल्या मुळातच बैलगाडीच्या मापाच्या. गाडी अलीकडे लावून आम्ही पूल चालत ओलांडला. दुतोंड्या मारुतीपाशी गाईड थांबला, पण बोलली आई: पूर कमरेला आला, गळ्याला आला, हे नाशिककर याच मारुतीवरून मोजतात. नारोशंकराच्या देवळातली घंटाही तिच्या हक्काची. घरात कोणी ओरडलं की ती "घसा आहे की नारोशंकराची घंटा" म्हणते. देऊळ १७४७ चं आणि घंटा पोर्तुगीज, तिच्यावर १७२१ साल आहे, वसईच्या विजयानंतर इकडे आलेली. हे मात्र तिला नवीन होतं. लगेच मान्य केलं नाही, इतकंच.

सीता गुंफेत आम्ही गेलो नाही. वाकून, सरपटत जायचं असतं, आणि आईचे गुडघे लेण्यांवर खर्च झाले होते. तुमच्यासोबत म्हातारं माणूस असेल तर दोन्हींपैकी एकच ठेवा. माझं मत विचाराल तर लेणी.

काळाराम मंदिरात शाळेपासून मी दगड, शिखर, रामनवमीचा रथ एवढंच ऐकलं होतं. सरदार ओढेकरांनी १७९० च्या सुमारास बांधलेलं हे देऊळ देखणं आहे, काळा दगड नीट घडवलेला. गाईडनं मात्र आम्हाला आत नेण्याआधी बाहेर दरवाज्यापाशी उभं केलं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित माणसं देवळात प्रवेश मागत या दरवाज्यांशी आली आणि दरवाजे बंद झाले. दादासाहेब गायकवाडांनी इथल्या माणसांना धरून हा लढा चालवला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला इथल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. कुठलाही गाईड हे सांगत नसेल तर तुम्ही विचारा. आमच्या मागे एक कुटुंब होतं. त्यांचा गाईड रामाच्या मूर्तीची उंची सांगत पुढे निघून गेला, त्यांची मुलगी मात्र आमच्याजवळ ऐकत थांबली.

जेवून तीनला सिन्नर. पुण्याच्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटर. खूप जण हे वगळतात, वगळू नका. गोंदेश्वर हे यादवांच्या काळातलं शिवपंचायतन आहे: मध्ये महादेव, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू. भूमिज पद्धतीचं शिखर, म्हणजे मोठ्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचत वर नेलेलं. देवगिरीच्या आधी यादवांचं ठाणं इथे होतं, हे सिन्नर एमआयडीसीला नोकरी करणाऱ्या माझ्या भावालाही माहीत नव्हतं. दिवसभराची गर्दी झाल्यावर इथे एवढी शांतता मिळते की भाचा जोत्यावर आडवा झाला आणि झोपला. फोटोसाठी चार ते साडेपाचचं ऊन चांगलं. सावलीला आत बसायला जागा आहे, बाहेर चहाची सोय फारशी नाही.

परत येताना एकच तक्रार उरली, आणि ती माझ्यावरच: मी दुर्बीण नेली नाही. दहा नंबरचे लेख उंचावर आहेत. साधी छोटी दुर्बीण किंवा बऱ्या झूमचा कॅमेरा असेल तर अक्षरं वेगवेगळी दिसतात. आदल्या रात्री मुलांना ब्राह्मीतली पाच-सहा अक्षरं कागदावर काढायला लावा. आमच्या भाच्यानं "न" आणि "स" ओळखले आणि दिवसभर तेच शोधत होता.

घरापाशी उतरल्यावर मी गाईडचे ठरलेले पैसे दिले. आईनं पर्समधून वेगळे पाचशे काढले. तो मागे सरकला, "काकू, झाले की. सगळे मिळाले."

आईनं नोट त्याच्या खिशात कोंबली. "मुद्दल तिनं दिलं. हे व्याज आहे. खाऊन टाक."