1331 पिना

एप्रिलचा दुसरा आठवडा, सांगलीत दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. माझ्या काँप्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला बसणार, तेवढ्यात एक मुलगी पायरीवर येऊन उभी राहिली. काँप्युटरचं कॅबिनेट पोटाशी धरलेलं, मनगटाला कापडी पिशवी. कुपवाडहून वडापच्या जीपनं आली होती.

"काका, कूलर काढायला गेले आणि प्रोसेसर पण त्याच्यासोबत आला."

पिशवीतून तिनं टॉवेलात गुंडाळलेला कूलर, म्हणजे काँप्युटरच्या मुख्य चिपला, प्रोसेसरला थंड ठेवणारा पंखा, काढला. त्याच्या बुडाला प्रोसेसर घट्ट चिकटलेला, पिना वर. एका कोपऱ्यातल्या नऊ पिना वाऱ्यानं लोळलेल्या शाळूसारख्या आडव्या झालेल्या. ओढताना हातातून सुटून कूलर टेबलावर पडला होता. मी डबा बाजूला सारला.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून मिळालेल्या पैशातून तिनं स्वतः जोडलेला हा पहिला काँप्युटर. रायझन 5 3600 प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेला लहान कूलर आणि पत्र्याखालची खोली. एडिट केलेला व्हिडिओ फाइल म्हणून बाहेर काढायला लावला की तापमान 94 अंश व्हायचं. या प्रोसेसरची मर्यादा 95 आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. ऐन लग्नसराईत हे परवडणारं नव्हतं. म्हणून चार हीट पाइपचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा, उंच टॉवर कूलर मागवला. निवड अगदी बरोबर होती. कूलरची उंची 155 मिलिमीटर, कॅबिनेटमध्ये जागा 160. हेसुद्धा तिनं आधी बघितलं होतं.

चुकलं ते फक्त जुना काढताना. या एएम4 सॉकेटात, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेत, पिना प्रोसेसरला असतात, एकूण 1331. सॉकेटाचा खटका त्यांना बाजूनं पकडतो, पण प्रोसेसरवरून दाबून धरणारी पट्टी नसते. कूलर आणि प्रोसेसर यांच्यातली उष्णता नेणारी पेस्ट गार होऊन वाळली की डिंकासारखी धरते. सरळ वर ओढलं तर खटका लावलेला असतानाही प्रोसेसर उपसून येतो. म्हणून आधी काँप्युटर दहा-पंधरा मिनिटं कामाला लावायचा, पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून वायर काढायची. चारही स्क्रू सोडले की कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवायचा आणि पकड सुटल्यावरच उचलायचा. नवीन माणसाला ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी, आणि ती सांगितली जात नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

हेअर ड्रायरनं कूलरला ऊब दिली. प्रोसेसर कडांना धरून हळूच पिळला, तसा सुटला. आता पिना. शिसं काढलेल्या 0.5 च्या पेन-पेन्सिलीचं टोक पिनेवर चढवून ती उभी करता येते, पण माझ्या भिंगातून मुळाशी नीट दिसेना. म्हणून सराफ कट्ट्यावरच्या अण्णांकडे डोळ्याला लावायचं भिंग मागायला गेलो. अण्णा मूळचे विट्याकडचे, घरातली निम्मी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात. भिंग घेऊन स्वतःच आले.

"सोन्याचा मुलामा हाय की," पिना बघून म्हणाले. मग तिला म्हणाले, "हे बघ पोरी, तार एका दमात वळवायची. मागं-पुढं केलीस की कडक हुती आणि तुटती. आमची असती तर तापवून मऊ केली असती. हितं ते न्हाई चालायचं."

सात पिना मी उभ्या केल्या, एक अण्णांनी. शेवटची मी तिला करायला दिली. भिंग डोळ्याला लावून ती इतकी स्थिर बसली, की आम्ही दोघंही श्वास धरून होतो. पिन ओळीत आली. दोन्ही बाजूंनी तिरकं बघितलं तर सगळ्या ओळींमधून उजेड आरपार.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटाच्या खुणेशी जुळवला आणि प्रोसेसर आपल्या वजनानं खाली बसला. इथं बोटानं दाब दिला की घात. खटका लावला. मदरबोर्डामागची प्लेट स्क्रू काढल्यावर मोकळी होते, ती मी मागून धरून ठेवली. कूलरच्या बुडाचा पारदर्शक कागद तिनं न विसरता काढला, तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली आणि स्क्रू आवळले.

चालू केला. पडद्यावर चित्र आलं, पण मेमरी 16 ऐवजी 8 जीबी. तिचा चेहरा उतरला. मेमरीकडं जाणारी एखादी पिन गेली असंच मलाही वाटलं. मग स्क्रू चाचपले तर एका बाजूचा पूर्ण आवळलेला, समोरचा सैल. कूलरचा दाब प्रोसेसरवर वाकडा पडला की असंही होतं. कूलर फिरवून काढला, पेस्ट पुन्हा लावली. यावेळी कर्णावरचे दोन स्क्रू आलटून-पालटून, दोन-दोन फेरे.

16.

अण्णा तोवर दुकान सोडून तिथंच बसले होते. "झालं का?" म्हणाले, भिंग खिशात टाकलं आणि निघाले.

तासभर तिचाच व्हिडिओ लावून ठेवला. दुकानातल्या त्याच उकाड्यात तापमान 73 च्या वर गेलं नाही. पाइपांच्या आत थोडंसं पाणी असतं, ते बुडाशी वाफ होतं आणि पात्यांपाशी थंड होऊन परत बुडाशी येतं, हे मी तिला सांगत होतो. ती एकीकडे ऐकत होती, एकीकडे नववधूच्या गृहप्रवेशाचा शॉट पुढं-मागं करून बघत होती.

निघताना एवढंच बजावलं, की आता कूलर जड आहे, कॅबिनेट उभं न्यायचं नाही, बोर्डाची बाजू खाली करून आडवं धरायचं. वडापात तिनं दोन सीटचे पैसे दिले आणि ते मांडीवर आडवं घेतलं.