बांगडा खायचा की गरीला लावायचा?

गरवायला, म्हणजे गरीने (गळाच्या आकड्याने) मासे पकडायला, शेजारी येऊन बसलेला माणूस हमखास विचारतो, "एवढा ताजा बांगडा कापून गरीला लावता? खात का नाही?" कुणी नुसतं विचारतं, कुणी अन्नाची नासाडी म्हणून सुनावतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगतो.

आधी माझी बाजू. बांगड्याला चव येते ती त्याच्या तेलामुळे, आणि तेच तेल पाण्यात पसरून मोठ्या माशाला लांबून ओढून आणतं. पोटाकडची चकचकीत पट्टी पाण्यात जिवंत असल्यासारखी हलते. मांस मऊ, म्हणून रात्रभर जाड मिठात ठेवायचं, मग घट्ट होतं. वरून बारीक लवचीक दोरा गुंडाळायचा. यात नासाडी कसली? समुद्रात मोठे मासे बांगडाच खातात.

पण खरं कारण हे नाही.

काही वर्षांपूर्वी आमिषासाठी आणलेले बांगडे मी बादलीत ठेवले होते. बर्फ नव्हता. उन्हात चारेक तास गेले, चार बांगडे उरले. डोळे स्वच्छ, वास ठीक. टाकवेनात, म्हणून घरी नेऊन शिजवले. मी एकच तुकडी खाल्ली. धाकट्या बहिणीने दोन बांगडे संपवले. जेवतानाच ती म्हणाली, "दादा, जिभेला चुरचुरतंय." मी म्हणालो, तिखट जास्त पडलं असेल. हे वाक्य मला अजून छळतं. अर्ध्या तासात तिचा चेहरा आणि मान लालभडक झाली, डोकं ठणकू लागलं, छाती इतकी धडधडत होती की गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती. माझा हात धरून ती विचारत होती, "मला काय होतंय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर डॉक्टरांनी दिलं. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ते पोटात गेलं की ॲलर्जीसारखाच त्रास होतो. मासा दिसायला, वासाला चांगला असला तरी हे झालेलं असू शकतं, आणि एकदा झालं की शिजवून जात नाही, गोठवूनही नाही. म्हणजे ती ॲलर्जी नव्हती, माझा हलगर्जीपणा होता. औषधाने ती त्याच दिवशी सावरली.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो, बांगडा हा चाऱ्याचाच मासा. ते चूक होतं, हे आज कबूल करतो. दोष बादलीचा होता, आणि बादली माझी होती. पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त काढलं, बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र करून त्यात बुडवला आणि शिजवेपर्यंत ४ अंशांच्या वर जाऊ दिला नाही, तर हा मासा कोणत्याही महागड्या माशाच्या तोडीचा आहे. पण काठी हातात असताना, एक हात मासा सोडवण्यात अडकलेला असताना, इतकं सांभाळणारे किती जण मी पाहिलेत? फार थोडे. म्हणून आमिषासाठी उघड्यावर ठेवलेला बांगडा परत ताटात येऊ नये, यावर मी अडून बसतो. तुम्हाला तो हट्ट वाटतो. वाटू दे.

मागच्या खेपेला एक बांगडा मी गरीवरून थेट बर्फात घातला. घरी साफ केला, तुकड्या केल्या. बहीण म्हणाली, "कर की, मी खाईन." मला तवा तापवता आला नाही. तुकड्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या. बाकीच्या पिशव्यांवर मी 'चारा' असं लिहून ठेवतो. या पिशवीवर अजून काही लिहिलेलं नाही.