कुंभार गल्लीतले सुटे हात

कोल्हापुरातलं टाऊन हॉलचं संग्रहालय बघून मी स्टँडकडे परत निघालो होतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा चिमुकला पोसायडन तिथे आहे. रोमन जगातला समुद्रदेव पंचगंगेकाठी. त्याच विचारात शाहूपुरीत एक वळण चुकलं आणि कुंभार गल्लीत शिरलो. बरं झालं.

पावसाची रिपरिप, सगळीकडे गणपतीची घाई. एका शेडमध्ये फळीवर नुसते हात वाळत ठेवलेले. तीस-चाळीस तरी असतील. सगळे आशीर्वाद देणारे, पण धड एकालाही नाही. बाजूच्या पाटीत सोंडा.

मला एकदम रोनित बारंगा आठवल्या. इस्रायलच्या या शिल्पकार बाई चिनीमातीच्या बशीला चक्क तोंड काढतात. ओठ, दात, जीभ, सगळं. त्यांच्या कपांना बोटं फुटतात आणि त्या बोटांवर कप टेबलावरून निघून चाललाय असं वाटतं. हाँगकाँगचा जॉन्सन त्सांग, जो आधी पोलिसात होता, तो पोर्सेलिनचा चेहरा कणकेसारखा ताणतो. मला विचाराल तर बारंगाबाईंचं काम जास्त अंगावर येतं. चेहरा आपण लांबून बघतो, बशी रोज हातात असते.

शेडमधल्या मामांना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ह्या बशीत कोन जेवनार वो? तीच आपल्या आधी खाईल की!"

मग मात्र त्यांची नजर बोटांवरच खिळली. मूर्तीच्या आधी त्यांच्या घरात घागरी, माठ व्हायचे. "बोटं बारीक, ती आधी वाळनार. बशी मागनं. मग जोडाला तडा जानार न्हाई व्हय? कापडात गुंडाळून वाळवत असनार ही बाई."

भरीव बोट भट्टीत फुटतं, हेही त्यांनीच सांगितलं. आत राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही. म्हणून जाड भाग आतून पोकरायचा. माती वाळताना आणि भाजताना आकसते, ते वेगळंच. आपल्या उघड्या आव्यात धग साधारण ८००-९०० अंशांपर्यंत जाते. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या टणक भाजलेल्या भांड्यांना, १२०० च्या वर लागते. तेवढ्या धगीला मऊ पडलेलं बोट वाकलं, तर काम गेलं.

चहा आला. "जपून धरा पावणं, कान तुटलाय त्याचा," मामा म्हणाले. कपाला कान, घागरीला पोट, माठाला गळा, बाटलीला तोंड, नारळाला डोळे, खुर्चीला हात-पाय. आपण हे सगळं इतक्या सहज बोलतो की त्यातलं विचित्र काही जाणवतच नाही. बारंगाबाईंच्या बशीवर मी उगाच आठवडाभर दचकत होतो.

"ते चालनारं कप परत दावा," मामा म्हणाले. दाखवले. त्यांनी शाडूचा लिंबाएवढा गोळा घेतला, अंगठ्यानं दाबून वाटी केली, कडेला दोन चिमटे काढले. ओठ! खालचा जरा लोंबता, रुसलेल्या पोरासारखा. मी फोटो काढणार तोच त्यांनी वाटी मुठीत चिरडून पुन्हा ढिगावर टाकली.

"ऱ्हाऊ दे. गनपती तोंडावर आल्यात."