टोकियोत मक्याची टोर्तिया

जपानात आल्यावर वरणभाताची सोय पहिल्याच आठवड्यात लागली. आम्ही राहतो निशी-कासाईला. इथे भारतीय कुटुंबं इतकी आहेत की तूरडाळ, हिंग, पोहे, सगळं चालत जाऊन आणता येतं. जीव तळमळला तो मेक्सिकन जेवणासाठी. त्याआधीची काही वर्षं कंपनीच्या कामामुळे आमचं बिऱ्हाड मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात होतं. घराच्या कोपऱ्यावरच टोर्तियांचं, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्यांचं, दुकान. किलोवर तोलून, कागदात गुंडाळून गरम टोर्तिया द्यायचे. त्यातली एक तिथेच मीठ भुरभुरून, गुंडाळी करून खायची आणि बाकीच्या घरी न्यायच्या. मेक्सिको म्हटलं की मला आधी हा वास आठवतो, चुन्यात शिजलेल्या मक्याचा.

टोकियोत मेक्सिकन जेवण मिळत नाही असं मुळीच नाही. सान्गेन्जायाच्या 'लोस ताकोस आसुलेस'मध्ये निळ्या मक्याच्या टोर्तिया मिळतात आणि त्या मनापासून केलेल्या असतात. ओकिनावात गेलो तेव्हा टाको राइसही आवडीने खाल्ला. अमेरिकन लष्करी तळाशेजारच्या किन गावात 1984 साली तो सुरू झाला. टाको म्हणजे सारण घालून दुमडलेली टोर्तिया; त्यातला खिमा, चीज, लेट्यूस, टोमॅटो असं सगळं इथे भातावर. तो ओकिनावाचा स्वतःचा पदार्थ आहे, त्याला मेक्सिकोच्या मापाने मोजू नये. पण रोजच्या जेवणाला लांब जाऊन हॉटेलात बसणं परवडत नाही, आणि काल्दीसारख्या दुकानांत मिळतात त्या मुख्यतः मैद्याच्या टोर्तिया, नाहीतर कडक तळलेले टाकोचे शेल. ते खाऊन माझी तहान भागेना. म्हणून ठरवलं, मुळापासून घरीच करायचं.

बाकीच्या वस्तू फार त्रास न देता जमल्या. जपानात येणारे बहुतेक अॅव्होकाडो मेक्सिकोतूनच येतात, त्यामुळे ग्वाकामोले अगदी पहिल्या शनिवारी झालं. कोथिंबीर सुपरमार्केटात 'पाकुची' म्हणून चार काड्यांच्या पाकिटात महाग मिळते. जुडी हवी तर उएनोला आमेयोकोच्या तळघरातला बाजार गाठावा. राजम्यासारखा ठिपकेदार 'उझुरा मामे' होक्काइदोत पिकतो. जपानी लोक तो साखरेत शिजवतात, पण मीठ, कांदा, लसूण घालून शिजवला आणि घोटून तेलावर परतला की उत्तम फ्रिहोलेस होतात. सुक्या मिरच्यांसाठी आईने पाठवलेली ब्याडगी कामाला आली. मेक्सिकोच्या ग्वाहियो मिरचीचा रंग आणि सौम्यपणा ती बऱ्यापैकी देते. आंचो या दुसऱ्या मेक्सिकन मिरचीची मनुकांसारखी गोडसर चव मात्र तिच्यात नाही, आंचो ऑनलाइनच मागवावी लागते. मिरच्या तव्यावर भाजायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या, लसूण, जिरं, ओरेगानो, व्हिनेगर घालून वाटायच्या. वाटण हातात असलं की मराठी बाई कुठेही निभावून नेते, हे मी अभिमानाने सांगते. हलाल दुकानातलं हाडासकट मटण या वाटणात घालून कुकरला लावलं आणि हालिस्को प्रांताची बिर्रिया घरात शिजली.

पण बिर्रिया खायची कशाशी? अडलं होतं ते मक्यापाशीच.

साधं मक्याचं पीठ आणून टोर्तिया होत नाही. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात. मेक्सिकोत ही पद्धत हजारो वर्षं चालत आली आहे. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, दळल्यावर पीठ मळून एकजीव होतं, तो खास वास येतो, आणि मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. युरोपने मका उचलला, चुना तिथेच सोडला, आणि मक्यावरच जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नियासिन कमी पडून होणाऱ्या रोगाने, गाठलं. ज्या बायकांनी हे तंत्र शोधून सांभाळलं त्यांच्याविषयी मला अतोनात आदर वाटतो. लॅटिन अमेरिकन दुकानांत आरेपाचं, म्हणजे तिकडच्या जाड मक्याच्या भाकरीचं, पीठ मिळतं, तेही मक्याचंच, आधी शिजवलेलं. पण त्याला चुना लागलेला नसतो, त्यामुळे टोर्तियासाठी ते घेऊ नये. मासा हारिना, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं तयार पीठ, ऑनलाइन मिळतं आणि ते चांगलंही असतं. मला अख्ख्या दाण्यापासून करायचं होतं.

जपानातला ताजा मका बहुतेक सगळा गोड, तो याला चालत नाही. सुका मका सापडला शिन-ओकुबोत, नेपाळी किराण्याच्या दुकानात. भाजून खाण्यासाठी तिथे ठेवतात. दुकानदाराने विचारलंच, "दीदी, भाजायला ना?" चुन्यात शिजवणार म्हटल्यावर त्याने मला बाहेरचा माल ठेवून आतून यंदाचा काढून दिला. जुना दाणा शिजायला फार वेळ घेतो, हे त्याचं म्हणणं पुढे पटलं.

मग चुना. आई फोनवर म्हणाली, "अगं, पानाचा चालेल की, पेठ्याला नाही का आपण चुन्याची निवळी वापरत?" पण ओल्या चुन्यात पाणी किती ते कळत नाही, आणि इथे वजनाला महत्त्व आहे. उत्तर निघालं अस्सल जपानी. कोन्याकू म्हणजे आपल्या सुरणाच्या कुळातल्या कंदाची घट्ट वडी, आणि ती घट्ट होते सहसा चुन्यानेच. घरी कोन्याकू करणाऱ्यांसाठी खाण्याच्या चुन्याची कोरडी पूड छोट्या पाकिटांत विकतात. पाकिटावर 'सुइसान्का कारुशिउमु' (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) लिहिलेलं आणि खाद्यपदार्थांसाठी असल्याचं छापलेलं बघून घ्यावं. शेतीचा किंवा बांधकामाचा चुना चुकूनही नको. पाकीट हातात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत मावणार नाही.

माझं प्रमाण असं: एक किलो मका, दहा ग्रॅम चुना, तीन लिटर पाणी, भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमचं नको, चुना ते खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, दाणा चिमटीत धरून चोळला की साल निसटलं पाहिजे. आच बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पिवळं पाणी ओतून, सालं चोळून, दोन-तीन पाण्यांनी धुवायचं.

दळणाचा प्रश्न शेजारच्या अक्कांनी सोडवला. मिक्सरात पाणी घालावंच लागतं आणि पीठ सैल होतं. अक्कांकडे इडलीचा दगडी ग्राइंडर आहे, कोइम्बतूरहून सामानातून आणलेला. दगडाने दाणा चिरडला जातो, पाणी अगदी शिंतोड्यापुरतं लागतं. मेक्सिकोत मेताते नावाच्या दगडी पाट्यावर हेच काम होतं. अक्का बाजूला उभ्या राहून वास घेत होत्या. म्हणाल्या, "यात उडीद नाही, तरी वास ओळखीचा वाटतो गं."

लिंबाएवढा गोळा, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून जड बुडाच्या पातेल्याने दाबायचा. कडा चिरल्या तर पिठाला पाण्याचा हात लावायचा. आमच्या फ्लॅटमध्ये गॅस नाही, इंडक्शन आहे, त्यावर बिडाचा तवा छान तापतो. पहिली बाजू थोडाच वेळ, कडा सुटल्या की उलटायची, दुसरी बाजू जरा जास्त, परत उलटली की फुगते. तव्यावरून काढून लगेच जाड फडक्यात एकावर एक रचायच्या. ही पायरी गाळू नये. वाफेत त्या मऊ होतात, नाहीतर दुमडताना मोडतात.

त्या दिवशी अक्कांच्या घरचे आणि आम्ही मिळून जेवलो. त्यांच्यासाठी फ्रिहोलेस आणि निवडुंगाची भाजी. आइची प्रांतातल्या कासुगाईत खायचा निवडुंग पिकवतात, तोच मागवला होता. कांदा-मिरचीवर परतला की थेट मेक्सिकोतले नोपालेस. आमच्यासाठी बिर्रिया. नवरा पहिला घास घेऊन काही बोलला नाही, नुसता फडक्यातून दुसरी टोर्तिया काढून घेतली.

आता राहिला आहे हिरवा साल्सा. त्याला लागणारे टोमाटियो, म्हणजे टोमॅटोसारखी दिसणारी हिरवी फळं, मला इथल्या बाजारात कधी दिसलेले नाहीत, म्हणून बी मागवलं आहे. एकट्या झाडाला फळ धरत नाही, परागासाठी दुसरं झाड लागतं. दोन कुंड्या बाल्कनीत, तिसरी अक्कांकडे, असं ठरलं आहे.