मी उडवलेली एक कमेंट

आकाशनिरीक्षणाच्या एका ऑनलाइन ग्रुपची मी सहा वर्षांपासून ॲडमिन आहे. सदस्य साधारण 1200, त्यातले बोलणारे चाळीसेक आणि भांडणारे चार. हे चौघे ठरलेले आहेत. त्यांच्यातल्या एकाची तक्रार सांगावी म्हणून लिहायला बसले होते, पण तक्रार माझीच निघाली.

सूर्यग्रहणाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एकांनी अगदी नम्र पोस्ट टाकली. ‘सर्वांना नमस्कार. ग्रहण बघायला खास चष्मा लागतोच असं नाही. घरातली जुनी एक्स-रे फिल्म दुहेरी घडी करून डोळ्यांसमोर धरा. मी लहानपणापासून असंच बघत आलो आहे. काही चुकलं असल्यास क्षमस्व.’ खाली जोडलेले हात, फुलं, ‘उपयुक्त माहिती, धन्यवाद’. आणि मग आमच्या चौघांपैकी एकाची कमेंट आली: ‘काय मूर्खपणा लावलाय? अक्कल गहाण टाकलीस का? अंधूक दिसलं म्हणजे किरण अडले असं होत नाही. डोळ्याचा पडदा भाजताना दुखतसुद्धा नाही, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लोकांची पोरं आंधळी करशील.’

मी ती कमेंट उडवली. नियम क्रमांक दोन, वैयक्तिक टीका नको. फोन बाजूला ठेवला आणि शांत झोपले.

पोस्ट मात्र तशीच राहिली, रात्रभर. सकाळी उघडून बघते तर आणखी तेवीस जणांनी तिला अंगठा दिलेला. आणि माझ्या इनबॉक्समध्ये उडवलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट, खाली तीनच वाक्यं: ‘मी उद्धट होतो. तो चूक होता. तू कुणाला काढलंस?’

पोस्ट काढली, दुरुस्ती टाकली, आयएसओ 12312-2 हे मानक छापलेलेच चष्मे घ्या वगैरे सगळं लिहिलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी असं का केलं असेल? उत्तर फार कौतुकाचं नाही. उद्धटपणा दोन सेकंदांत दिसतो. चूक शोधायला आधी नीट वाचावं लागतं, मग तपासावं लागतं. मी कामाने थकलेली होते, म्हणून सोपं ते केलं आणि त्याला शिस्त असं नाव दिलं.

इंटरनेटवर कसं वागावं याची एक जुनी नियमावली आहे, आरएफसी 1855, ऑक्टोबर 1995 ची. त्यात एक सल्ला असा की डोकं तापलेलं असेल तर उत्तर रात्रभर थांबून पाठवा. पण मला त्यापुढची ओळ जास्त आवडते. अगदीच राहवत नसेल तर आधी ‘फ्लेम ऑन’ लिहा, मनसोक्त भडका आणि मग ‘फ्लेम ऑफ’ लिहून थांबा. म्हणजे चिडायला बंदी नाही, फक्त पाटी लावून चिडा. आमच्या नियमांत ही मोकळीक नाही. आमच्याकडे एकतर फुलं, नाहीतर डिलीट.

त्याच नियमावलीत म्हटलंय की सगळं कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं. देवनागरीत ती सोयच नाही. आपलं ओरडणं वेगळं. ‘तुम्ही’वरून अचानक ‘तू’वर उतरलं की समजावं, भांडण सुरू. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर चढणं. ‘आपलं अगाध ज्ञान वाचून धन्य झालो’ या वाक्यात कुठल्या नियमाने काय पकडाल?

शिवाय लेखी टोमणा किती जणांना कळतो, हाही प्रश्नच. 2005 मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं, आपण गंभीर आहोत की टोमणा मारतोय हे वाचणाऱ्याला 78 टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात ते 56 टक्के वेळा कळलं. नाणं उडवलं असतं तरी 50 आलेच असते.

आता त्या उडवलेल्या कमेंटवाल्या गृहस्थाला मी हुतात्मा करत नाहीये. दोन वर्षांपूर्वी एका नवीन मुलीने विचारलं होतं, दिवसा चंद्र कसा काय दिसतो? या गृहस्थाचं उत्तर: ‘शाळेत गेली होतीस ना?’ तिने काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी ‘सदस्याने ग्रुप सोडला’ अशी एक करडी ओळ आली, बस. तिचं तोंड मी बंद केलं नव्हतं, नियमांनी केलं नव्हतं. तरी ते बंद झालंच. डिलीट केलेल्या कमेंटचा निदान स्क्रीनशॉट निघतो, न विचारलेल्या प्रश्नांचा कुठून काढणार? मोकळेपणाच्या नावाने भांडणाऱ्यांना मी हे सांगते, तेव्हा ते ‘नाजूक माणसांनी येऊच नये’ म्हणतात. माझं यावर त्यांच्याशी कधीच पटलेलं नाही.

मध्यंतरी एकांनी सुचवलं, सगळ्यांना खऱ्या नावाने, ओळखपत्र दाखवून लिहायला लावू. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर हेच सक्तीचं केलं. वाईट मजकूर काही फारसा घटला नाही. उलट 2011 मध्ये तिथे एकाच हॅकिंगमध्ये साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आणि आमचे चौघे तर पहिल्यापासून आपापल्या खऱ्या नावाने भांडतात, फोटोसकट.

आता मी एवढंच करते: उडवायच्या आधी, शिव्या वगळून उरलेलं वाचते. काही उरलं तर कमेंट झाकते आणि लिहिणाऱ्याला कळवते, ‘अमुक दोन शब्द काढ, बाकी जसंच्या तसं परत टाक.’ काही उरलंच नाही तर सरळ उडवते. निम्मे लोक ऐकतात, उरलेले मला हुकूमशहा म्हणतात.

गेल्या महिन्यात कुणीतरी लिहिलं, सूर्य बघायला दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, छोटा फिल्टर लावला की पुरतं. आमचे गृहस्थ हजर: ‘आपण महामूर्ख आहात, हे मी अत्यंत आदराने नमूद करतो. तिथे उष्णता एकवटते, फिल्टर तडकतो आणि डोळा जातो. फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा असतो.’

मी आधी दुसरी ओळ तपासली. बरोबर होती, तिसरीही. मग पहिलीकडे वळले आणि त्याला लिहिलं, एक शब्द काढ, बाकी राहू दे.

लगेच उत्तर आलं: ‘कोणता? महा की मूर्ख?’