क्लासिक 350 आणि माझे आखूड हात: हँडलचं काम कुठवर आलं

माझी उंची पाच फूट एक इंच, गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक 350, सीटची उंची 805 एमएम, गाडीचं वजन 195 किलो. सीटचा फोम कापून झालाय, बूट जाड सोलचे घेतलेत, पायांचा विषय संपला. आता हात. बुटक्या माणसाला इंदूरभर सगळे एकच विचारतात, "पाय टेकतात का गं?", हात पुरतात का हे कोणी विचारत नाही, आणि माझी पाठ दुखायची ती हातांमुळे.

सरळ रस्त्यावर कळतच नाही हो. सुपर कॉरिडॉरवर कितीही चालवा, मस्त. पण राजवाड्यामागच्या बोळात गाडी वळवायची म्हटलं की हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवा हात इतका लांब जातो की खांदा ओढला जातो, कंबर सीटवरून सरकते, आणि नेमका तेव्हाच त्याच हाताने थ्रॉटल अगदी बारीक सांभाळायचा असतो. जाम गेटच्या घाटातल्या वळणांवरही पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये तीच कळ.

ॲक्सेसरीवाल्या भियांचा सल्ला ठरलेला, "दीदी, रायझर लगवा लो, एकदम आराम." उंच हँडल म्हणजे आराम हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, मला ते पटत नाही. रायझर म्हणजे हँडलखाली बसवायचा उंचीचा तुकडा, तो फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) रेषेत वर जातो, म्हणजे 26 अंश तिरका धरला तर 30 एमएमच्या रायझरने हँडल मागे येतं जेमतेम 13 एमएम, बाकी सगळं वर. आखूड धडाच्या माणसाचे खांदे त्याने अजून उचलले जातात. आपल्याला हँडल जवळ हवंय, उंच नाही, म्हणजे पुलबॅक (हँडलची टोकं आपल्याकडे किती मागे येतात ते) जास्त आणि रुंदी थोडी कमी. अर्ध्या हँडलची लांबी 37 सेमी आणि लॉक (हँडल एका बाजूला पूर्ण वळतं तो कोन) 35 अंश धरा, बाहेरचा हात 21 सेमी पुढे जातो! रुंदी प्रत्येक बाजूने अडीच सेमी कमी केली तर त्यातले दीड सेमी वाचतात, पण पुलबॅक 4 सेमी वाढवला तर त्याच लॉकवर सव्वातीन सेमी वाचतात. हिशेब तिथेच लागला.

खर्च करण्याआधी फुकटचं करून घ्या. हँडलचे क्लॅम्प ढिले करून ते थोडं मागे फिरवा, बहुतेक हँडलवर पंच मार्क (ठोकलेला ठिपका) असतो, मूळ जागा तिथून कळते. फार फिरवलं तर टोकं खाली झुकतात आणि मनगट वाकडं होतं, म्हणून जरासंच. मग लिव्हर, बसून कोपर ते बोटं एका रेषेत येतील असा कोन. हात लहान असेल तर लिव्हरचा क्लॅम्प थोडा आत सरकवा, बोटं लिव्हरच्या टोकाकडे पडतात आणि क्लच हलका वाटतो. क्लचचा दोन-तीन एमएमचा फ्रीप्ले (लिव्हरची सुरुवातीची सैल हालचाल) मात्र ठेवाच, तो वाढवून लिव्हर जवळ येत नाही, नुसता क्लच नीट सुटत नाही.

एवढ्याने मनगटाचं काम झालं, पाठीचं नाही. मग माप काढलं. गाडी मेन स्टँडवर, मी डोळे मिटून हात आरामात पुढे धरले, भाच्याने टेप लावला, "मावशी, मुठी ग्रिपच्या चार सेमी मागे आहेत." तेवढ्याच जादा पुलबॅकचं, तेवढ्याच उंचीचं, जरा कमी रुंद हँडल घेतलं. क्लॅम्पची जाडी आधी मोजा, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना 22 एमएम लागतं, जाड फॅटबारला मधे 28.6, ते यात बसत नाही.

बसवताना खरी कसरत स्विच बॉक्सची. आत एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते म्हणून स्विच फिरत नाही. नवीन हँडलला भोक नव्हतं. मेकॅनिक म्हणाला पिन घासून टाकू, मी म्हटलं अजिबात नाही, पिन गेली की वळणावर अख्खा बॉक्स हातात फिरणार. पिनच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावलं, बसल्या जागी कोन बघून बॉक्स दाबला, ठिपका उमटला, तिथे सेंटर पंच, आधी बारीक बिट मग जाड. भोक परफेक्ट.

पुलबॅकमुळे केबल ओढल्या गेल्या नाहीत, उलट सैल झाल्या, म्हणून त्यांची वाट नीट करावी लागली. दोन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. इंजिन आयडलवर ठेवून हँडल एका लॉकपासून दुसऱ्यापर्यंत फिरवा, आरपीएम जरा जरी वाढला तर थ्रॉटल केबल ताणतेय. आणि पूर्ण लॉकवर आतल्या हाताचा अंगठा टाकी आणि स्विचच्या मधे चिमटत नाही ना ते बघा, माझ्याकडे एक बोट जागा उरली.

मग महूमार्गे जाम गेट, खाली घाट उतरून परत. पाठीत कळ नाही, आणि बोळातल्या यू-टर्नला कोपर वाकलेलं राहतं, हाच माझा निकष. सरळ रस्त्यावर गाडी थोडी चपळ आणि हँडल फिरवायला किंचित जड वाटतं, रुंदी कमी म्हणजे लिव्हरेज कमी, ते चालतंय.

आता फक्त आरसे. हँडल मागे आणि अरुंद झाल्यामुळे आरशात मागचा ट्रक कमी आणि माझी कोपरं जास्त दिसतात. मिरर एक्स्टेंडर मागवलेत, एखाद्या बाजूला उलटे आटे (उलट दिशेने फिरवायचे) येतात का ते आधी बघणार आणि मगच लावणार.